फ्रोझन शाकाहारी तयार जेवण: निवडण्यापासून ताटात वाढेपर्यंत

फ्रोझन जेवणाला नाकं मुरडणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कडेला करपलं, मधे बर्फ राहिला आणि चव पांचट लागली. पहिल्या दोन गोष्टींत पदार्थाचा दोष क्वचित असतो, तिथे गरम करणं चुकलेलं असतं. चव पांचट लागण्यामागे बरेचदा चुकीची निवड असते, कारण काही पदार्थ गोठवणं सोसतात आणि काही अजिबात सोसत नाहीत. म्हणून या लेखात निवड आणि गरम करणं यांवर सगळ्यात जास्त जागा खर्च केली आहे.

पाकीट आणण्याआधी घरात दोन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट म्हणजे फ्रीजर. फ्रोझन जेवण उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड ठेवायचं असतं. फ्रीजरच्या दारावर ताऱ्यांची खूण असेल तर ती वाचा: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चार तारे असतील तर ताजं अन्नही त्यात नीट गोठवता येतं. एकदारी फ्रिजमधला तो छोटा बर्फाचा कप्पा अनेकदा एक किंवा दोन ताऱ्यांचा असतो. एका ताऱ्याच्या कप्प्यात पाकीट आठवडाभर आणि दोन ताऱ्यांच्या कप्प्यात महिनाभर ठेवायला हरकत नाही. पाकिटावर छापलेली लांबची तारीख मात्र उणे १८ धरूनच दिलेली असते. खात्री करायची असेल तर फ्रीजरचा साधा थर्मामीटर दोन पाकिटांच्या मधे रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोवेव्हचे वॅट. इथे नवखे हमखास चुकतात. मागच्या पट्टीवर बहुधा दोन आकडे असतात. मोठा आकडा यंत्र किती वीज ओढतं ते सांगतो आणि लहान आकडा अन्नाला किती ताकद मिळते ते सांगतो. आपल्याला लहान आकडा हवा, तो साधारण ७०० ते १००० च्या आसपास असतो. काही यंत्रांवर तो दाराच्या आतल्या चौकटीवर लिहिलेला असतो. एकदा सापडला की कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवून टाका, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर चालतो.

कुठला पदार्थ निवडायचा

पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यातून अन्न जितकं हळू जाईल तितके हे स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशींच्या भिंती फाडतात. वितळल्यावर पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि भाजी लिबलिबीत होते. कारखान्यात अतिथंड हवेच्या झोतात हा पट्टा झपाट्याने पार करतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात. तरीही ज्या भाजीत मुळातच पाणी फार असतं तिचं काही खरं नसतं.

यावरून निवडीचा नियम सरळ निघतो. मटार, मका, पालक, शिजवलेली कडधान्यं, डाळी, टोमॅटोची दाट ग्रेव्ही, सारण भरलेले मोमोसारखे प्रकार, थरांचा भाजलेला पास्ता हे सगळं गोठवल्यावर उत्तम राहतं. पटकन गोठवलेला भातही चांगला फुलतो. फक्त तो गरम करताना त्याला थोडी ओल हवी असते.

याउलट झुकिनी, मशरूम, ढोबळी मिरची यांचे मोठे तुकडे पाणी सोडतात. ब्रोकोलीचे तुरे मऊ पडतात. बटाट्याच्या फोडी कधीकधी रवाळ लागतात. ज्या पाकिटाच्या चित्रात कच्ची काकडी किंवा सॅलडची हिरवी पानं दिसतात, त्यात ती असणार नाहीत हे गृहीत धरा, तो वाढण्याचा नमुना असतो. साध्या मक्याच्या पिठाने दाटवलेला सॉस वितळताना फुटून पाणी सोडतो. म्हणून कारखान्यात बहुधा मॉडिफाइड स्टार्च वापरतात. ते नाव घटकांच्या यादीत दिसलं तर दचकायचं कारण नाही, त्याचं काम तेवढंच असतं.

टोफूची गोष्ट जरा निराळी आहे. गोठवल्यावर त्यातल्या पाण्याचे स्फटिक जाळी पाडतात आणि टोफू स्पंजसारखा होतो. ज्यांना रेशमी मऊ टोफू आवडतो त्यांना तो चिवट वाटेल. पण या जाळीत सॉस मुरतो, त्यामुळे झणझणीत रश्शातला फ्रोझन टोफू ताज्यापेक्षा चवदार लागू शकतो.

सुरुवातीला तीन वेगवेगळ्या जातीची, एका माणसापुरती पाकिटं घ्या: एक ग्रेव्ही आणि भाताचा ट्रे, एक भाजलेला पास्ता, आणि एक ब्रेडचा चुरा लावलेला कटलेट किंवा पॅटीसारखा प्रकार. तिन्ही गरम करायची रीत वेगळी आहे, त्यामुळे आपल्या घरच्या यंत्राला काय जमतं तेही कळतं. मोठं कुटुंबाचं पाकीट पहिल्या खेपेला घेऊच नका. ते आवडलं नाही तर वाया जातंच, शिवाय जाड थरामुळे ते नीट गरम करणं सगळ्यात अवघड असतं.

लेबल: पुढची बाजू सोडा, मागची वाचा

‘शाकाहारी’ या शिक्क्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. जगात पुष्कळ ठिकाणी त्यात अंडं आणि दूध दोन्ही बसतं. अंडं चालत नसेल तर घटकांच्या यादीत अंडं, अंड्याचा पांढरा भाग, अल्ब्युमिन हे शब्द शोधा. मांसासारख्या लागणाऱ्या वनस्पतिजन्य तुकड्यांत आणि बुरशीपासून बनवलेल्या मायकोप्रोटीनच्या काही प्रकारांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा भाग वापरतात. दूधही नको असेल तर ‘व्हेगन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाकीट घ्यावं.

शिक्का नसलेल्या पाकिटात प्राणिजन्य घटक आडवाटेने येतात. चीज बनवताना दूध घट्ट करायला वापरलेलं रेनेट वासराच्या जठरातलं असू शकतं. अस्सल पार्मेजानो रेजानो चीज तर त्याशिवाय बनतच नाही, त्याच्या नियमातच ते आहे. वुस्टरशर सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही मासे असतात. घटकांच्या यादीत ‘ई’ लावून आकडे असतात, ते पदार्थात मिसळलेल्या रंग-रसायनांचे सांकेतिक क्रमांक. त्यांतला ई१२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. ई४७१ वनस्पतीपासूनही बनतं आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही, म्हणून तिथे शिक्क्यावरच विसंबावं लागतं. ‘भाज्यांचं’ म्हणून विकलं जाणारं जेवण मांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलेलं असू शकतं, त्यामुळे भाज्यांच्या नावांचा भला मोठा फलक पाहून भुलू नका.

मग आकडे. मीठ आधी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. काही लेबलांवर मीठ लिहितात, काहींवर सोडियम. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. एका ट्रेमध्ये ६०० ते ७०० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम ठीक म्हणायचं. हजाराच्या पुढे गेलं तर एका जेवणात दिवसाचा निम्मा वाटा संपला, मग उरलेला दिवस हात आखडावा लागेल. आकडा दर १०० ग्रॅमचा आहे, ‘एका वाढणी’चा आहे की पूर्ण ट्रेचा आहे, हे आवर्जून बघा. ४०० ग्रॅमच्या ट्रेवर ‘दोन वाढण्या’ असं लिहून मिठाचा आकडा निम्मा दाखवणं हा जुना खेळ आहे.

प्रथिनं हा शाकाहारी ट्रेचा नेहमीचा कमकुवत भाग. भात आणि भाज्यांच्या कित्येक ट्रेमध्ये ती ८ ग्रॅमच्या आत असतात. १५ ग्रॅमच्या आसपास असतील तर पोट टिकतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. डाळ, कडधान्य, सोया, टोफू किंवा चीज पहिल्या तीन-चार नावांत आलं तर ट्रे भरीव, तेच दहाव्या नंबरला असेल तर ते केवळ नावापुरतं. तंतू ५ ग्रॅमच्या वर मिळाले तर चांगलं. ३०० कॅलरींचा ट्रे एखाद्या प्रौढ माणसाला पूर्ण जेवण म्हणून पुरत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पदार्थ वाईट म्हणून नव्हे, तर मापच तेवढं असतं म्हणून.

दुकानातून घरी

पाकीट हाताने चाचपून पाहा. सुट्ट्या भाज्यांची पिशवी हलवल्यावर दाणे खुळखुळले पाहिजेत. सगळ्याचा एकच दगडासारखा गोळा झाला असेल तर माल मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. आतून बर्फाचा जाड थर दिसला तरी तोच संशय घ्यायचा. उघड्या पेटीसारख्या फ्रीजरमध्ये आतल्या बाजूला एक रेघ आखलेली असते. तिच्या वर रचलेली पाकिटं घेऊ नका, तिथे पुरेशी थंडी पोहोचत नाही.

फ्रोझन सामान सगळ्यात शेवटी टोपलीत टाका, आणि एकमेकांना चिकटवून जाड अस्तराच्या पिशवीत भरा. घरी आल्यावर बाकीचं सामान राहू द्या, आधी हे फ्रीजरमध्ये सरकवा. एकदम खूप पाकिटं आणली असतील तर ती मोकळी पसरून ठेवा, नाहीतर फ्रीजरमधल्या जुन्या मालाचंही तापमान चढतं.

गरम करणं: ट्रे आधी ओळखा

ट्रेच्या तळाशी पुनर्वापराच्या त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा मायक्रोवेव्हमध्ये चालतो, पण ओव्हनमध्ये वितळून जाळीवर ओघळतो. १ आकडा असलेला, काळा, टणक ट्रे दोन्हींकडे चालणाऱ्या प्रकारचा असू शकतो. मात्र १ हा आकडा पाण्याच्या साध्या बाटलीवरही असतो, म्हणून पाकिटावर ओव्हनचं चिन्ह दिसल्याशिवाय धाडस नको. अॅल्युमिनियमचा ट्रे ओव्हनसाठी. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर पदार्थ काचेच्या भांड्यात काढा. बाहेरचं पुठ्ठ्याचं आवरण काढायचं असतं, पण त्याच्या आत करडं चकचकीत अस्तर असेल आणि सूचनेत ते ठेवायला सांगितलं असेल तर काढू नका. ते अस्तर स्वतः तापून पदार्थाचा तळ कुरकुरीत करतं.

आता मायक्रोवेव्ह. द्रव पाणी मायक्रोवेव्ह भराभर शोषून घेतं, बर्फ मात्र फारच कमी शोषतो. त्यामुळे कडेचा एखादा भाग जरासा वितळला की तोच भाग सगळी ताकद खेचतो आणि उकळू लागतो, मधला बर्फ तसाच राहतो. यंत्र जितकं जोरात चालवाल तितकी ही दरी वाढते. ‘वेळ वाचवू’ म्हणून पूर्ण ताकदीवर लावलेला ट्रे म्हणूनच फसतो.

एका ग्रेव्ही-भाताच्या ३५० ग्रॅमच्या ट्रेचं उदाहरण घेऊ. पाकिटावर लिहिलंय: ८०० वॅट, ८ मिनिटं.

१. वेळ बसवा. लेबलची मिनिटं गुणिले लेबलचे वॅट, भागिले तुमचे वॅट. तुमचं यंत्र ७०० वॅटचं असेल तर साधारण ९ मिनिटं १० सेकंद. १००० वॅटचं असेल तर हिशोबाने ६ मिनिटं २५ सेकंद येतात. पण त्यापेक्षा ताकद ८० टक्क्यांवर आणून पूर्ण ८ मिनिटं ठेवणं बरं, कारण उष्णता कडेकडून मधे झिरपायला वेळ लागतो आणि तो वेळ जास्त वॅट लावून विकत घेता येत नाही.

२. वरच्या फिल्मला काट्याने चार-पाच भोकं पाडा. ती पूर्ण काढली तर वाफ निघून जाते आणि भात टणक होतो, भोकंच पाडली नाहीत तर फिल्म फुगून फुटते. कप्पे वेगवेगळे असतील तर कुठल्या कप्प्यावर भोकं पाडायची ते पाकिटावर वाचा. गोडाचा कप्पा बहुधा आधी काढून ठेवायचा असतो.

३. ट्रे फिरत्या ताटलीच्या मधोमध ठेवण्याऐवजी थोडा कडेला ठेवा. मधोमध ठेवला तर त्याचा मधला भाग एकाच जागी फिरत राहतो, आणि तिथे लहरींची ताकद कमी पडली तर तो थंडच राहतो.

४. अर्ध्याहून थोडा जास्त वेळ झाल्यावर, इथे ५ मिनिटांनी, फिल्मचा कोपरा उचला आणि ढवळा. कडेचं मधे, मधलं कडेला. बर्फाचा गोळा चमच्याने फोडा. भात कोरडा वाटला तर एक चमचा पाणी शिंपडा. थरांचा पास्ता ढवळता येत नाही. तो अर्ध्या ताकदीवर जास्त वेळ ठेवावा आणि मधे एकदा अर्धा गोल फिरवावा.

५. उरलेला वेळ लावा, मग ट्रे तसाच झाकून २ मिनिटं राहू द्या. ही दोन मिनिटं लोक हमखास गाळतात. पदार्थ याच वेळात आतून सारखा होतो.

६. मधल्या, सगळ्यात जाड जागी अन्नाचा थर्मामीटर खुपसा. आकडा ७५ अंश हवा. थर्मामीटर नसेल तर चमचा मधे तळापर्यंत घालून पदार्थ उकरा. तिथूनही भरपूर वाफ आली पाहिजे. वरून वाफ निघतेय म्हणजे आतून तापलंय असं नाही. कमी असेल तर ३० सेकंदांच्या टप्प्याने वाढवा.

दोन ट्रे एकदम ठेवले तर ताकद वाटली जाते, आणि लेबलवरच्या वेळेत दोन्ही कच्चे राहतात. एकामागून एक करा. पहिला झाकून ठेवला तर दुसरा होईपर्यंत गरम राहतो.

७५ अंशांचा एवढा आग्रह का? गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. युरोपात २०१५ पासून २०१८ पर्यंत चाललेल्या एका साथीचं मूळ फ्रोझन मक्यात सापडलं. तोवर ४७ जण आजारी पडले होते आणि ९ दगावले. फ्रोझन मका किंवा मटार वितळवून तसाच सॅलडमध्ये घालण्याची सवय म्हणूनच वाईट. ‘शिजवून खा’ असं लिहिलं असेल तर शिजवूनच खावं. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर यात जराही सूट घेऊ नये.

कटलेट, रोल, पफ यांसारख्या कुरकुरीत पदार्थांसाठी मायक्रोवेव्ह विसरा. आतली वाफ बाहेर येऊन चुरा भिजवते आणि ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं होतं. एअर फ्रायरमध्ये १८० ते २०० अंशांवर १० ते १४ मिनिटं, एकाच थरात आणि मधे जागा सोडून ठेवा. अर्ध्यात उलटवा. वितळवू नका, गोठलेलेच टाका. वितळलेला कटलेट उचलतानाच मोडतो. ओव्हनमध्ये करायचं असेल तर ओव्हनसोबत रिकामी ताटलीही तापवून घ्या आणि तिच्यावर कटलेट ठेवा, म्हणजे तळ ओला राहत नाही.

भाजलेला पास्ता वेळ असेल तर ओव्हनमध्येच करावा. पंखा नसलेल्या ओव्हनला सुमारे २०० अंश, पंख्याच्या ओव्हनला १८०, आणि ४० मिनिटांच्या आसपास. पहिली ३० मिनिटं फॉइलने झाकून ठेवा, शेवटी फॉइल काढा म्हणजे वरचं चीज रंग धरतं.

पिशवीतल्या सुट्ट्या भाज्या-भाताचं मिश्रण पसरट कढईत सगळ्यात छान होतं. दोन-तीन चमचे पाणी, मध्यम आच, झाकण ठेवून ५ मिनिटं, मग झाकण काढून मोठ्या आचेवर ३-४ मिनिटं परता. आधी झाकण का, तर वाफेने आतपर्यंत वितळावं. नंतर झाकण काढायचं ते सुटलेलं पाणी आटावं म्हणून. हा क्रम उलटा केला की खाली करपतं आणि वर गिच्च होतं.

ताटात वाढताना

गोठवण्यात आणि पुन्हा तापवण्यात वरवरचे सुवास उडून जातात, त्यामुळे चव दबलेली लागते. अशा वेळी हात मिठाकडे जातो, पण मीठ आधीच भरपूर असतं. कमी असतो तो आंबटपणा आणि ताजेपणा. लिंबाचे चार थेंब, बारीक चिरलेली कोथिंबीर, ताजी कुटलेली मिरी यांतलं काहीही एक घाला. मऊ पदार्थाला कुरकुरीत जोड हवी असते, त्यासाठी भाजलेले दाणे किंवा बिया वरून टाकाव्यात. प्रथिनं कमी असतील तर मूठभर शिजवलेले चणे ग्रेव्हीत मिसळून एक मिनिट जास्त तापवा. प्रथिनं वाढतात, शिवाय ग्रेव्हीचा खारटपणाही वाटला जातो.

उरलं, वितळलं, वीज गेली

गरम केलेला ट्रे खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी एकदाच, पुन्हा ७५ अंशांपर्यंत तापवून संपवा.

वितळवायचं असेल तर ते फ्रिजच्या खालच्या भागात, ओट्यावर नाही. ओट्यावर कडा कोमट होतात तरी मधे बर्फ असतो, आणि जंतूंना नेमकी तीच कोमट कड हवी असते. बहुतेक ट्रे मात्र गोठलेल्या अवस्थेतूनच गरम करायला बनवलेले असतात. असा ट्रे वितळवून लेबलवरचीच मिनिटं लावली की कडा वाळून कडक होतात.

पदार्थावर पांढरट, कोरडे डाग दिसले तर ती बुरशी नाही. हवा लागून बर्फ थेट वाफ होऊन उडाला की तिथलं अन्न सुकतं. खायला धोका नाही, पण तो भाग चामट लागतो, कापून टाका. असे डाग वरचेवर दिसत असतील तर दार घट्ट लागत नसेल, रबर पुसून पाहा.

वीज गेली तर फ्रीजर उघडायचा मोह टाळा. गच्च भरलेला फ्रीजर दार बंद असेल तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर ज्या पाकिटात अजून बर्फाचे कण जाणवतात किंवा ज्याचं तापमान ४ अंशांच्या आत आहे, ते पुन्हा गोठवलं तरी चालतं. त्याचा पोत बिघडलेला असेल, म्हणून ते आधी वापरून टाका. पूर्ण वितळून कोमट झालेलं पाकीट वास घेऊन तपासत बसू नका, बिघडलेल्या अन्नाला दरवेळी वास येतोच असं नाही. ते सरळ टाकून द्या.